आईच्या गोळ्या आणि लेकीची पहिली उडी

रंगपंचमीच्या आधी गॅसचा सिलिंडर उचलताना माझी कंबर धरली. एरवी मी आठ दिवस लोळून काढले असते, पण लेकीला शब्द दिला होता. दहा वर्षांची ती. यंदा रहाडीत पहिली उडी बाबाचा हात धरूनच मारणार, असं तिने वर्गात जाहीर करून टाकलं होतं. आमच्या जुन्या नाशकात रहाड म्हणजे चौकातला खोल दगडी हौद. एरवी तो मातीखाली बुजवलेला असतो. रंगपंचमीला उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि अख्खी गल्ली त्यात धपाधप उड्या मारते.

आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. दुखण्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या तिच्या डब्यात होत्या. ती अर्धीच घ्यायची आणि दुपारभर झोपायची. मी हिशेब केला, म्हातारीला अर्धी पुरते तर माझ्यासारख्या गड्याला एक हवीच. वीस मिनिटं काही होईना, म्हणून आणखी एक घेतली. असला मी शहाणा.

चौकात पोचलो तोवर मला कंबर उरलीच नव्हती. पाय जमिनीला लागतायत की नाही कळेना. ढोल थेट पोटात वाजत होता आणि साऱ्या जगाबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की काय सांगू! आमच्या फाटकासमोर रोज स्कूटर आडवी लावणारा शेजारी तिथेच होता. त्याला मी कडकडून मिठी मारली आणि तुमची स्कूटर मला मनापासून आवडते, असं सांगितलं. तो बिचारा घाबरला.

आमची पाळी आली. काठावर सगळेच नखशिखांत गुलाबी. मी लेकीचा हात घट्ट धरला, आरोळी ठोकली आणि उडी मारली. वर आलो तर हातात शेजाऱ्याचा हात. तो खोकत होता, मला शिव्या घालत होता. लेक काठावर एकटीच उभी होती, हात तसाच पुढे धरून. मला ती दिसत होती आणि तरी मी खदाखदा हसत होतो. हातपाय इतके सैल पडले होते की दोघांनी मला ओढून वर काढलं. लेकीने मग उडी मारलीच नाही.

संध्याकाळी बायकोने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. या गोळ्यांवर पाण्यातच गुंगी आली असती तर तुम्ही वर आला नसतात, म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. मग लेकीला जवळ घेऊन सगळं खरं सांगितलं, माफी मागितली. तिने विचारलं,

"म्हणजे तुला एवढा आनंद झाला होता, तो माझ्यामुळे नव्हता?"

थोडा तुझ्यामुळेही होता, असं मी म्हणालो. पण किती, ते मलाच सांगता येत नव्हतं, आणि ते तिला कळलं होतं.