ठोकेदादांची हाक

ठोकेदादांचा आवाज म्हणजे काही विचारूच नका! पत्र्याच्या ट्रंका ठोकण्यात उभा जन्म गेला, त्यात दोन्ही कान कामातून गेले, आणि आपण किती मोठ्याने बोलतो याचा पत्ताच उरला नाही. बायको होती तोवर निभावलं. चारचौघांत यांचा आवाज चढला की ती हळूच दंडाला चिमटा काढायची. ती गेली आणि चिमटाही गेला.

मग घरात नात आली, चिमी. दादांनी कौतुकाने "काय म्हणतेय माझी बाय!" म्हणावं, की नुकता डोळा लागलेली सून धडपडत उठायची. पोर तर दिवसभर रडतच असायची, तिला काय निमित्त लागतंय! शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, पाया पडतो, जरा हळू." दादांना शब्द ऐकू आले नाहीत, जोडलेले हात मात्र दिसले. पोटच्या पोराने हात जोडावेत? फार लागलं त्यांना ते.

तेव्हापासून दादा घरात बोलेनासेच झाले. जेवायचं, ताट धुऊन ठेवायचं, निघून जायचं. वाईट याचं, की ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सून पाळण्याशी कुजबुजायची, मुलगा चपला हातात घेऊन घरात शिरायचा, सगळं घर चवड्यांवर. दादांना एकच धास्ती होती: ही पोर मोठी होईल आणि आजोबाचा आवाज ओळखणारच नाही.

दुकानात त्यांनी युक्ती काढली. नव्या ट्रंकेवर तळहात ठेवायचा, आत तोंड घालून "चिमे" म्हणायचं. पत्रा हाताखाली थरथरला की समजायचं, आवाज मोठा. मग पुन्हा, जरा खाली. शेजारचा कुलूपवाला कपाळावर हात मारायचा, म्हातारा ट्रंकेशी गप्पा मारतोय! अखेर एकदाचा पत्रा गप्प राहिला. दादा खुशीत घरी आले आणि पाळण्यावर वाकून तसंच "चिमे" म्हणाले. पोरीने ढुंकूनही पाहिलं नाही. पाहणार कशी? नुसते ओठच हलत होते. तरी ते रोज म्हणत राहिले.

एका दुपारी ते जेवायला आले, तर सून पाळण्यामागे उभी राहून दबकत टाळी वाजवत होती. मुलगा किल्ल्या हलवत होता. चिमी आपली पंख्याकडे बघण्यात गुंग. सुनेचा चेहरा पांढराफटक. दादांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या पाठीमागे उभी राहून बायकोने हीच परीक्षा घेतली होती. आपले कान पत्र्याने खाल्ले हे ठाऊक असूनही त्यांच्या मनात आलंच, माझंच हिच्यात उतरलं की काय?

ते पाळण्यामागे गेले, छाती भरून घेतली, आणि हातोड्यांच्या दणदणाटात मारायचे तशी हाक मारली, "चिमेऽऽ!"

पोर केवढी दचकली! तिचं तोंड हे एवढं उघडलं. सून मटकन खाली बसून ओक्साबोक्शी रडू लागली, मुलाने डोकं धरलं. दादांनी तेवढंच पाहिलं. घातला पुन्हा घोळ! जेवण तसंच टाकून ते तडक दुकानात गेले आणि मान खाली घालून पत्रा ठोकत बसले.

थोड्या वेळाने कुणीतरी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

दादांची हातोडी वरच राहिली. मागे सून उभी होती, डोळे सुजलेले, पण हसत. सासूचं बघून ठेवलं असणार तिने. चिमीला त्यांच्या हातात देत, एरवी कुजबुजणारी ती बाई गळा फाडून ओरडली, "बाबा, ऐकू येतं हिला! पुन्हा मारा ना हाक!"

दादांनी तिचे ओठ वाचले. हाक मारायचं राहूनच गेलं. पत्र्यावर ठेवायचा तसा तळहात त्यांनी पोरीच्या पाठीवर ठेवला. हाताखाली थरथरलं. चिमी त्यांच्या तोंडाकडे बघून काहीबाही बोलत होती.

"केवढ्या मोठ्याने बोलते गं ही!" दादा म्हणाले, आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.