हळद लावलेली नखं

दिगंबरराव कुणाशीही ओळख झाली की आधी त्याची नखं बघत. चेहरा नंतर. माझी ओळख झाली तेव्हा म्हणाले, "मराठीत एम.ए. ना? आणि अंगठ्याचं नख खाता."

जन्म कलकत्त्याचा, घर बागबाजारला. मराठ्यांच्या भीतीने खणलेला जुना खंदक तिथूनच सुरू व्हायचा. "आपल्यावर संशय घ्यायची इथे जुनी पद्धत आहे," ते म्हणत. "मी तो फक्त परत करतो." मासेवाल्याचा तराजू, कंडक्टरने दिलेले सुटे पैसे, साहेबांची सही, सगळं ते दोनदा बघत. एका इस्पितळाच्या त्वचाविभागात ते प्रयोगशाळा सांभाळत. चौऱ्याहत्तर साली तिथे नखांतली बुरशी ओळखायची नवी तपासणी बसवत होते.

मला त्यांनी ती समजावून सांगितली. मेलेली बुरशी सशांना टोचायची. सशाच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती काढून त्यांना चमकणारा रंग जोडायचा. मग रोग्याच्या नखाचा कीस काचेवर घेऊन त्यावर ती सोडायची आणि धुवायची. बुरशी असेल तर प्रतिपिंडं तिला चिकटून राहतात आणि खास दिव्याखाली हिरवी चमकतात.

"आणि नसेल तर?"

"नसेल तर अंधार. पण अंधारावरही लगेच विश्वास ठेवू नये."

मी तेव्हा भवानीपूरला शारदाबाईंच्या खाणावळीत जेवत असे. बदली होऊन कलकत्त्याला आलेले बँकेतले, सरकारी कचेऱ्यांतले आम्ही एकटे लोक. शारदाबाई विधवा. खाणावळीशिवाय दुसरा आधार नव्हता. त्यांची नखं जाड, पिवळी झाली होती आणि कडांना त्यांचा भुगा होत होता. ते पहिल्यांदा पाहिलं बँकेतल्या दिनकररावांनी.

"मला पोळी नको," ते एक दिवस म्हणाले. "भातच वाढा."

पोळी हाताने लाटतात, भात डावाने वाढतात. हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आठवडाभरात निम्मी पंगत भातावर आली. सगळे बाईंच्या बोटांकडे बघत होते. महिनाअखेर खाणावळ बदलायच्या गोष्टी जिन्यात सुरू झाल्या.

रविवारी दिगंबरराव तिथे जेवायला येत. शारदाबाईंनी त्यांना आत बोलावलं.

"एकदा काय ते सांगून टाका. बुरशी असेल तर गोळ्या घेईन. ही माणसं गेली तर मी कुणासाठी चूल पेटवू?"

दिगंबररावांनी कीस घेतला. दुसऱ्या दिवशी मीही प्रयोगशाळेत गेलो. अंधाऱ्या खोलीत त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. नखाचा कणन्‌कण हिरवा पेटला होता.

"म्हणजे आहे," मी म्हणालो.

"बुरशी धाग्यांसारखी दिसते. हे सगळंच कसं चमकतंय?"

त्यांनी त्याच किसातली चिमूट दुसऱ्या काचेवर घेतली. तिच्यावर काहीच सोडलं नाही. तीही चमकली. त्यांनी दोन्ही काचा पुन्हा आळीपाळीने पाहिल्या.

"या चमकण्यात माझ्या सशांचा काही संबंधच नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी शारदाबाईंना विचारलं, "नखांना काय लावता?"

"हळद. तेलात कालवून, वर चिंधी बांधते. आणखी काय लावणार?"

हळद त्या दिव्याखाली आपली आपणच चमकते. दिगंबररावांनी ती बंद करायला लावली. नवं नख पुढे येईपर्यंत थांबले. पुन्हा कीस घेतला. या वेळी अंधार. त्यावरही विश्वास न ठेवता त्यांनी कीस बाटलीत ठेवून बुरशी वाढते का पाहिलं. वाढली नाही. मग त्वचेच्या डॉक्टरांनी बोटांना टाचणी लावून पाहिली. सगळं जाणवत होतं. नखाचाच विकार आहे, ते म्हणाले. दुसऱ्याला लागत नाही, आणि औषधही नाही.

मला वाटलं बाईंना आनंद होईल. त्या पाटावर बसल्या.

"बुरशी नाही तर काय, असं ते विचारतील. महारोग म्हणतील."

"तो नाही. डॉक्टरांनी बघितलंय."

"मला पटलं हो. त्यांना कोण पटवणार? बुरशी म्हणाला असतात तर बरं होतं. तिला गोळ्या तरी आहेत."

"मी खोटं लिहून देणार नाही."

"लिहू नका. बोलेन मी. तुम्ही फक्त जेवायला या."

त्या रविवारी मांडणीवर गोळ्यांची बाटली होती. शक्तीच्या साध्या गोळ्या, पण बाटलीवरची चिठ्ठी काढलेली. शारदाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "बुरशीच निघाली बाई. औषध चालू केलंय."

पंगत सैल झाली. दिनकरराव म्हणाले, "मी ओळखलंच होतं." मग मान वळवली. "काय हो दिगंबरराव, खरं ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. स्वतःच्या तपासणीलाही त्यांनी कधी संशयातून सोडलं नव्हतं. त्यांनी घास संपवला.

"या हातांपासून तुम्हाला काही लागणार नाही. मी स्वतः तपासलंय."

"म्हणजे गोळ्या लागू पडतायत."

"आमटी वाढा," दिगंबरराव शारदाबाईंना म्हणाले.

मी चाट पडलो होतो. शारदाबाई आमटी वाढून पोळ्यांची चळत घेऊन आल्या. दिनकररावांनी ताट पुढे केलं, पण नजर बोटांवरच होती.

"पिवळेपणा जरा उतरलाय, नाही?"

"हळद बंद केली ना," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात पोळी टाकली.