रेषेबाहेर उभे राहा, मास्तर

द्वारकाअक्कांशी माझी पहिली ओळख नशिराबादला झाली, शाळकरी मुलींच्या खो-खोच्या सामन्यात. मी शाळेत नवा शिक्षक होतो आणि पंच म्हणून त्याहून नवा. एका मुलीला मी बाद दिले, तसे तिच्या शाळेचे मास्तर धोतर सावरत माझ्या अंगावर धावून आले. अक्का मुख्य पंच होत्या. त्या मैदान ओलांडून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. निर्णय झाला आहे, काही विचारायचे असेल तर संघनायिका विचारील, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि मास्तरांना फक्कीच्या रेषेबाहेर पाठवले. नंतर मला म्हणाल्या, ओरडणाऱ्याशी ओरडून बोलला तो पंच राहत नाही.

गौरवग्रंथात गोड लिहावे असा रिवाज आहे. अक्कांच्या या गौरवग्रंथात मला ते जमणार नाही.

देवपूरच्या मैदानावरचा तो अंतिम सामना या ग्रंथाच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला आहे. मी तेव्हा अक्कांच्या हाताखाली पंच होतो. सोनगीरची कौसल्या तिच्या संघातली सर्वांत चपळ मुलगी. खांबाजवळ वळताना तिचा पाय मुरगळला आणि ती खाली बसली. अक्कांनी खेळ थांबवून बदली मुलीला परवानगी दिली. पण तिच्या शाळेच्या मास्तरांना करंडक हवा होता. ते मैदानात घुसले, कौसल्येचे दंड धरून तिला उभे केले, आणि ती कळवळली तेव्हा सगळ्यांदेखत तिच्या पाठीत धपाटा घातला. ढोंग करते म्हणाले.

अक्का मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरगी माझ्या शाळेची आहे," मास्तर म्हणाले. "बाईमाणसाने मला शिकवू नये."

"मैदानावर ती माझ्या जबाबदारीवर आहे. रेषेबाहेर उभे राहा, मास्तर. तुम्ही गेल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही."

मग मास्तरांनी सगळ्या संघालाच बाहेर यायचा हुकूम सोडला. मुली घाबरून एकमेकींकडे पाहू लागल्या. अक्कांनी संघनायिकेला जवळ बोलावले आणि तिलाच विचारले, खेळायचे की नाही. ती शेतकऱ्याची पोर, मास्तरांकडे न बघता म्हणाली, "आम्हले खेळनं शे, अक्का."

मास्तर तणतणत निघून गेले, ते थेट घरी. मुली खेळल्या, हरल्या, आणि जिंकलेल्या मुलींच्या गळ्यात पडून रडल्या.

सुजलेल्या पायाच्या कौसल्येला अक्कांनी आधी डॉक्टरांकडे नेले, मग मोटारीने सोनगीरला पोहोचवले. मी बरोबर होतो. तिचे वडील पाय पाहून म्हणाले, आता खेळ बंद, शाळाही बंद. अक्का ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आबा, चूक केली ती त्या माणसाने. शिक्षा हिला का?" आबांनी तिचा पाय उचलून उशीवर ठेवला. मग म्हणाले, "बरं अक्का, शाळामा धाडसू मी तिले." तीच कौसल्या आज नशिराबादला मुलींना खो-खो शिकवते.

आणि आमच्या आयोजकांनी काय केले? मास्तर बड्या माणसाचे मेहुणे. म्हणून अक्कांनी त्यांची माफी मागावी, असा निरोप आला. अक्कांनी नकार दिला. पुढच्या वर्षी मुख्य पंच म्हणून त्यांना बोलावणे आले नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मास्तर मात्र दर वर्षी मांडवात पहिल्या रांगेत बसले. आम्ही दोघा-तिघा पंचांनी मैदानावर उतरायला नकार दिला, तर आम्हाला खेळ बुडवणारे ठरवले. मुलीला मारणारा खेळाचा हितचिंतक आणि तिला वाचवणारी बाई भांडखोर, हा न्याय मला आजही गिळता येत नाही. त्याच मंडळींची नावे आज गौरवसमितीत आहेत. अक्कांना शालही तेच पांघरवणार आहेत.

अक्कांना राग आल्याचे मी पाहिलेले नाही, म्हणून त्यांच्या वाटचा राग मी इथे लिहितो आहे. त्या वाचतील तेव्हा मला रागावतील, तेही मला माहीत आहे.

अक्कांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे असेच शाबूत राहोत. समितीला माझे सांगणे एवढेच: हे आयुष्य त्यांनी खुर्चीत बसून काढावे म्हणून आम्ही मागत नाही. येत्या हंगामातला पहिला सामना अक्कांकडे सोपवा. नाहीतर शाल परत न्या.