चोरखमाऱ्याच्या पाळीवर स्कीचे बूट

"मोठेच राहू द्या ना म्याडम. जाड मोजे घालीन मी."

रोशनी वनरक्षक आहे, चोरखमाऱ्याकडची. हिमालयातल्या स्की टूरिंग कोर्ससाठी तिची निवड झाली होती. बर्फ तिने फ्रिजमध्येच पाहिलेला, पण बोलायची माहेराबद्दल बोलावं तशी. पायाला फोड आले की खालच्या कॅम्पवर बसवतात, हे तिला कळवलं होतं. डीलरने माझ्या दुकानात तिच्यासाठी स्कीच्या बुटांचे दोन जोड पाठवले होते, एक लहान, एक मोठा. एक परत करायचा होता.

मी पूर्वी डोंगरात स्कीच्या दुकानात बूट फिट करायचे. गुडघे गेले. आता गोंदियात शाळेचे बूट विकते.

स्की टूरिंगमध्ये लिफ्ट नसते. पायाला स्की बांधून डोंगर आपणच चढायचा, मग घसरत उतरायचा. बूट मोठा असला की चढताना टाच आत वरखाली होते आणि सोलते. आमच्याकडे मात्र सगळ्यांना एक नंबर मोठा हवा असतो. धानाच्या रोवणीच्या चिखलात अनवाणी वाढलेला पाय पुढे पसरट असतो, टाचेला बारीक. त्याला रुंदी कमी पडते आणि लोक लांबी वाढवून घेतात.

मी लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, काढला. बाहेरच्या नुसत्या प्लास्टिकच्या कवचात तिचा पाय घातला, बोटं पुढे टेकवली. मोठ्या जोडात टाचेमागे माझी तीन बोटं सहज गेली. लहानात जेमतेम दीड.

"लहान घे."

"करंगळी दाबून राहिली ना!"

"ते माझं काम."

गरम हवेच्या हीट गनने करंगळीजवळचं तेवढंच प्लास्टिक गरम केलं आणि साच्याने बाहेर दाबलं. मग बूट घालून चढून बघायला चढ हवा म्हणून आम्ही चोरखमाऱ्याच्या धरणाची पाळ गाठली. रोशनी ठकठक वर निघाली. शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याने हाक मारली, "काऊन वो पोरी, चंद्रावर जाऊन राहिली का?"

"नाही जी बाबा, थोडं खालीच!"

वर ती पाण्याकडे बघत उभी राहिली. "म्याडम, बर्फावरून उतरताना कसं वाटते?"

मला नीट आठवत होतं.

"बूट काढ. टाच दाखव."

टाच लाल नव्हती.

महिन्याभराने तिचा फोन आला. "फोड नाही आला म्याडम. पण इथं कशाचा आवाजच नाही."

"हो. नसतो," मी म्हणाले.

मोठा जोड परत पाठवण्याआधी मी घालून पाहिला होता. बकल लावले, गुडघे वाकवले. अगदी बरोबर बसला. काढला आणि पार्सल केलं.

बूट घेताना आधी माप बघा, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. त्याच्याही आधी कुठे जायचंय ते बघावं.