तळाचे थेंब

हरिबा मूळचा कवठे महांकाळकडचा, विश्रामबागेतल्या कॉलेजात रसायनशाळेचा शिपाई. दुष्काळी मुलखात वाढलेला माणूस. भांडे विसळण्याआधी तळाचा थेंबन्‌थेंब निथळून घेतल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नसे. त्यात एकोणीसशे त्रेचाळीस साल, महायुद्धामुळे रसायनांची टंचाई, आणि काही वाया घालवू नका म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख विष्णुपंत सर उठताबसता कानीकपाळी ओरडत.

चिंतामण हा एम.एस्सी.चा विद्यार्थी तिथे फ्लोरीन जोडलेले अमाइन नावाचे रसायन बनवत होता. तयार व्हायचे ते जुळेच, दोन वेगळी अमाइने एकमेकांत मिसळलेली. रंग एक, वास एक, उकळायचेही जवळपास एकाच आचेला. मग आम्ल घालून त्यांचे क्षार करायचे, ज्याचे खडे आधी बसतील ते गाळायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा गाळायचे, असा खटाटोप. वेगळ्या काढलेल्या क्षारातून पुन्हा सोडवलेला शुद्ध, पातळ माल तो एका बाटलीत साठवी. पण संध्याकाळी शुद्ध ठरलेला माल सकाळी तपासला की अशुद्ध निघे. असे पाच महिने चालले.

शेवटी चिंतामण विष्णुपंतांपुढे जाऊन उभा राहिला. आपल्या हातालाच हे काम जमत नाही, साताऱ्याला शाळामास्तरची जागा आहे, ती धरतो, असे त्याने खालमानेने सांगितले. कोपऱ्यात नळ्या पुसणाऱ्या हरिबाच्या आता सगळे ध्यानात आले. रोज चंबू धुताना तळाशी राहिलेले, वासाला सारखेच लागणारे थेंब तो त्याच बाटलीत निथळत होता. त्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता. गप्प राहिला असता तर नोकरीला धक्का नव्हता.

"सायेब, तुमचा हात न्हाई चुकला," तो म्हणाला. "तळाला ऱ्हायलेलं मीच वतत हुतो बाटलीत. वाया जाऊ ने म्हनून."

चिंतामण मटकन स्टुलावर बसला आणि चक्क हसला. पाच महिने गेले होते, तरी आपला हात चुकला नव्हता याचाच त्याला मनापासून आनंद झाला. विष्णुपंत हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हरिबाची रवानगी कॉलेजच्या बागेत झाली. त्याला फार वाईट वाटले.

दोन महिन्यांनी माल शुद्ध उतरला. चिंतामणने बाटली दाखवायला हरिबाला मुद्दाम बोलावून घेतले, हातात घेऊन बघ म्हणाला. हरिबाने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि बाटली प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेरूनच पाहिली.