स्टिंकी लाडू आणि इराची अ‍ॅडमिशन

माझं इंग्लिश तैवानी आहे.

तसं मूळचं ते बार्शीचं. मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. डेबिट, क्रेडिट, डिप्रिसिएशन हे शब्द मला झोपेतही येतात. पण नवऱ्याच्या, संदीपच्या, नोकरीमुळे चार वर्षांच्या इराला घेऊन टोकियोतल्या एदोगावाला आलो, तर इथे कोणी डिप्रिसिएशनबद्दल बोलेचना! जपानी माझं ‘पिशवी नको’पर्यंतच पोचलेलं. संदीप सकाळी कावासाकीला ऑफिसला जायचा तो रात्री जेवायच्या वेळेला उगवायचा. इरा कार्टूनमध्ये गढलेली. मग दिवसभर बोलायचं कोणाशी?

तर खालच्या मजल्यावरच्या चेन-सानशी.

चेन-सान (सान म्हणजे जपानीतलं ‘जी’) तैवानची. माझ्याच वयाची. शनिवार-रविवारी ती आणि तिचा नवरा बाजारात तैवानी खाण्याचा स्टॉल लावायचे आणि बाकीचे दिवस तिच्या घरी त्याची तयारी चालायची. आमची ओळख कचऱ्याच्या जाळीपाशी झाली. (मी ओल्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्या घेऊन उभी होते. तिनं हाताला धरून मला परत फिरवलं. अशा प्रसंगातून झालेली मैत्री टिकते.) तिला मराठी शून्य, मला चिनी त्याहून शून्य. राहिलं इंग्लिश. ते दोघींनाही सारखंच येत नव्हतं, त्यामुळे कोणालाच संकोच वाटला नाही!

रोज दुपारी मी तिच्या ओट्यापाशी उभी राहून कांद्याच्या पातीच्या पोळ्या लाटू लागले आणि लाटता लाटता इंग्लिश शिकू लागले. ती पोळी तोडून कानाशी धरायची, कुर्रर्र! “क्रिस्पी!” मी मनात अर्थ लिहून ठेवायचे : खुसखुशीत. ती रताळ्याची गोळी दोन बोटांत दाबायची, सोडायची, गोळी पुन्हा टुण्णकन फुगायची. “क्यू! व्हेरी क्यू!” अर्थ : मऊ, गुबगुबीत, दाबावंसं वाटेल असं. (क्यू हे एबीसीडीतलंच अक्षर, तेव्हा शब्द इंग्लिशच असणार, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.)

आणि एक दिवस तिनं आंबवलेल्या टोफूचा डबा उघडला.

मी थेट गॅलरीत गेले. अहो, वास म्हणजे काय वास! पण चेन-साननं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि माहेर आठवल्यासारखा चेहरा करून म्हणाली, “आऽह! स्टिंकी!”

आता, वासाचं काय असतं, सुकट भाजली की कोणी घर सोडतं, तर कोणी ताट घेऊन बसतं. ज्याचं त्याचं नाक! माझ्या नाकाला सोसलं नाही म्हणून शब्दाचा अर्थ थोडाच बदलतो? तिचा चेहराच सांगत होता. स्टिंकी : घमघमाट, सुवास, दरवळ.

(फोनवर अर्थ बघायचा की, असं तुम्ही म्हणाल. हात पिठात होते हो!)

त्याच सुमारास सासूबाई इस्लामपूरहून आल्या. रोज संध्याकाळी चंदनाची अगरबत्ती. एकदा चेन-सान दारात आली, तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, “माय मदर-इन-लॉज अगरबत्ती. स्टिंकी!” चेन-साननं नाकावर हात ठेवून जोरजोरात मान हलवली, “येस, येस! व्हेरी!” झालं, शिक्कामोर्तब!

सासूबाईंनी विचारलं, “काय गं म्हणाली ती?”

“आई, तिला तुमच्या अगरबत्तीचा सुवास फार आवडला. स्टिंकी म्हणजे सुवासिक.”

“स्टिंकी,” सासूबाईंनी शब्द घोळवला. “सोपा आहे गं!”

इरा तेव्हा पाच वर्षांची. घराजवळच्या एका भारतीय शाळेत तिला घालायचं ठरलं. वर्गात एकच जागा उरली होती आणि त्यासाठी आई-वडिलांची मुलाखत इंग्लिशमध्ये! संदीपनं सगळं ठरवलं होतं. तो बोलेल, मी हसेन. पण ऐनवेळी मेसेज आला : ‘ट्रेन मध्येच थांबलीय. तू सुरू कर. कमी बोल.’

शेवटचे दोन शब्द मी वाचले, पण मनावर घेतले नाहीत. इतके महिने पोळ्या लाटल्या त्या काय गप्प बसायला?

आम्ही तिघी आत गेलो. मी, इरा आणि लाडवांचा डबा घेतलेल्या सासूबाई. बाहेरच्या बाकावर दुसरं एक कुटुंब कडक इस्त्रीत बसलेलं होतं. मुख्याध्यापिका मॅडम केरळच्या, करड्या केसांच्या, करारी. त्यांच्या टेबलावर पांढऱ्या लिलींचा गुच्छ होता आणि खोलीभर त्याचा दरवळ. सुरुवात कौतुकानं करावी म्हणून मी म्हणाले,

“थँक यू, मॅडम! युअर ऑफिस इज सो स्टिंकी!”

मॅडमचं हसू होतं तिथेच थांबलं. त्यांनी हळूच स्वतःच्या पदराचा वास घेतला. कोपऱ्यातला क्लार्क उठला आणि त्यानं खिडकी उघडली.

“नो, नो! डोंट ओपन!” मी म्हटलं. “आय लाइक!”

मॅडमनी घसा साफ केला. “टेल मी अबाउट युअर डॉटर.”

इराचं बोलणं किती खुसखुशीत असतं हे सांगायची हीच वेळ होती. “शी टॉक्स व्हेरी क्रिस्पी, मॅडम!”

“आय सी,” मॅडम म्हणाल्या. (काही सी झालेलं नव्हतं.) “अवर चिल्ड्रन वेट फॉर द बस. कॅन शी स्टँड इन अ क्यू?”

क्यू! माझा शब्द! मी खुर्चीतच पुढे सरकले. “मॅडम, शी इज क्यू! फ्रॉम बर्थ! हर चीक्स क्यू, हर हँड्स क्यू. यू प्रेस अँड सी!” आणि मी इराचा गाल टेबलावरून पुढे केला.

मॅडमनी तो दाबला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अतिशय सावकाश, अतिशय मृदू आवाजात विचारलं, “डझ शी... टेक अ बाथ एव्हरी डे?”

“एव्हरी डे! आफ्टर बाथ शी इज मोअर स्टिंकी!”

इतका वेळ सासूबाई तोंडात लाडू धरल्यासारख्या गप्प होत्या. ओळखीचा शब्द ऐकून त्यांना राहवेना. “मी टू!” त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “ग्रँडमदर स्टिंकी! फॅमिली स्टिंकी!” आणि डब्याचं झाकण उघडून त्यांनी तो मॅडमच्या नाकाखाली धरला. “वेलची, जायफळ! स्टिंकी लाडू! ईट, ईट!”

मॅडमचा हात डब्याच्या दिशेनं निघाला होता, तो हवेतच थांबला. मघापासून इरा दोन्ही हातांनी नाक दाबून खुदूखुदू हसत होती. मॅडम तिच्याकडे वळल्या. “व्हाय आर यू लाफिंग, चाइल्ड?”

इरा कार्टून बघून इंग्लिश शिकलेली. ती स्पष्ट, शुद्ध उच्चारात म्हणाली, “ममा सेड यू स्मेल बॅड. अँड आय स्मेल बॅड. अँड आजी ऑल्सो. अँड लाडू!”

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण आम्ही चौथ्या मजल्यावर होतो. जमीन फार खाली!

त्याच क्षणी घामाघूम संदीप आत आला. थंडीत सताड उघडी खिडकी, तिथं पाठमोरा उभा राहून खांदे हलवणारा क्लार्क, डबा घेऊन पुतळ्यासारखी उभी असलेली आई आणि रडवेली बायको! त्यानं एकदम माफीच मागायला सुरुवात केली. “सॉरी मॅडम, सो सॉरी! व्हॉट डिड दे से?”

“दॅट युअर फॅमिली इज स्टिंकी, मिस्टर जोशी.”

संदीपनं माझ्याकडे पाहिलं. “हे तुला कोणी शिकवलं?”

“टोफूनं,” मी पुटपुटले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणीच आलं. माझ्या तोंडामुळे पोरीची जागा गेली होती! मग चेन-सान, पोळ्या, अगरबत्ती, सगळं मी मराठीत सांगत गेले आणि संदीप मान खाली घालून त्याचं इंग्लिश करत गेला. गोष्ट रताळ्याच्या गोळीपर्यंत आली आणि मॅडमचा चष्मा हलायला लागला. त्या हसल्या, हसता हसता टेबलावर डोकं टेकलं, डोळे पुसले आणि उठून दोन लाडू घेतले. एक क्लार्कला दिला. मग वाकून इराचा गाल दाबून पाहिला. “येस,” त्या म्हणाल्या, “व्हेरी क्यू.”

तरीही घरी येताना मी सायकल हातात धरून चालत होते. वर बसवतच नव्हतं. तशीच तणतणत चेन-सानचं दार वाजवलं. तिला सगळं ऐकवलं, वाक्य वाक्य, हातवारे करून. ती हसून हसून भिंतीला टेकली. मग एकदम गंभीर झाली.

“यू टीच मी ‘पास आउट’,” ती म्हणाली. “माय सन पास आउट इन मार्च. आय टेल एव्हरीबडी.”

“यस! फिनिश स्कूल! पास आउट!”

“नो! पास आउट इज फॉल डाउन! इंग्लिश डॉक्टर टेल मी! ही आस्क, इज युअर सन ओके? आय से, ओके, ओके, एव्हरीबडी क्लॅप!”

म्हणजे ‘पास आउट’चा खरा अर्थ बेशुद्ध पडणं! आम्ही दोघी जिन्यात बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. सासूबाई वरून ओरडल्या, “अगं, काय झालं? कोण पडलं?”

आठवड्यानं शाळेतून फोन आला. मॅडम स्वतः बोलत होत्या. मी लगेच फोन संदीपच्या हातात दिला. (शहाणपण उशिरा येतं, पण येतं.) तो “येस मॅडम, थँक यू मॅडम” करत राहिला आणि फोन ठेवून म्हणाला, “दोन अ‍ॅडमिशन झाल्यात.”

“दोन? आपल्याला एकच तर मुलगी आहे!”

“एक इराची. आणि शनिवारी शाळेत आयांसाठी इंग्लिशचा वर्ग असतो. मॅडम स्वतः घेतात. तिथे तुझी.”

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. इरा दर वर्षी वरच्या वर्गात जाते. यंदा तिसरीत गेली. मला मात्र मॅडमनी यंदाही त्याच वर्गात ठेवलंय!