आतोबांचं घडीचं घर

घडी घालता येत नाही अशी वस्तू देवाने निर्माणच केलेली नाही, माणसाला फक्त बिजागरी कुठे ठोकायची ते कळत नाही, असं आमच्या आतोबांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, ठाम मत होतं. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या घरात खुर्ची मिटायची, पलंग मिटायचा, जेवायचा पाटसुद्धा मिटायचा, आणि तो नेमका पाहुणा बसल्यावर मिटायचा. आमचे वडील एकदा वरणभातासकट मिटले. "अप्पा, वजन मधोमध टाकायचं की!" म्हणून आतोबांनी त्यांनाच झापलं. आत्या म्हणायची, "या घरात माझं तोंड तेवढं मिटत नाही."

बाहत्तरच्या दुष्काळात गावाबाहेर कुंभारीकडे खडी फोडायची सरकारी कामं निघाली, माणसं उघड्यावर पडू लागली आणि आतोबांना आपला जन्म कशासाठी ते उमगलं. मोडक्या हातमागांची लाकडं, पत्रे आणि बाजारातल्या झाडून सगळ्या बिजागऱ्या आणून त्यांनी घडीचं घर केलं. चहा उकळेपर्यंत उभं, पिईपर्यंत मिटलेलं. बैलगाडीत घालून पुढच्या कामावर न्यायचं. दुष्काळी कामांवरच्या सरकारी साहेबांनी पसंत केलं तर जिल्हाभर तशी घरं होणार होती. नमुन्याचं घर त्यांनी पारूबाई नावाच्या मजूर बाईला राहायला दिलं आणि साहेबांची वाट बघत बसले.

साहेब आले. आतोबांनी ऐटीत कळीच्या बिजागरीला हात घातला. घर ढिम्म हलेना. पारूबाईने आतून-बाहेरून शेणामातीने लिंपून काढलं होतं. चिखल वाळून बिजागऱ्या बुजल्या होत्या. शिवाय दारात उंबरा रोवून त्याला हळदकुंकूही वाहिलं होतं!

"अहो बाई, हे मिटायचं घर आहे की!" आतोबा ओरडले.

"घर हाय न्हवं? मग मिटाया ही काय चादर हाय व्हय? पत्रा लई तापतो, दादा. पोरगी आजारी हाय, आत्ताच झोपलीया. हळू बोला की."

आतोबांच्या हातात हातोडी होती. चार घाव घातले असते तर गिलावा पडला असता. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि हातोडी पिशवीत टाकली.

"साहेब, हे मिटत नाही," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच.

साहेब गेले, ते गेलेच. आम्ही पुढे कित्येक वर्षं आतोबांची टर उडवली. ते मात्र बिजागऱ्यांना तेल घालायला म्हणून कुंभारीला जात राहिले. पारूबाईचा चहा पिऊन यायचे, आणि तेलाची बाटली भरलेलीच परत यायची.

आता आतोबा नाहीत. त्यांची फार आठवण येते. त्यांचा पलंग आत्या अजून मिटू देत नाही. बिजागरी गंजलीय, म्हणते. मी तेल घालतो म्हटलं, तर नको म्हणते.